आपल्या शेतातील मुंग्या : त्यांची ओळख आणि पारख

कल्याण तालुक्यातील शेतकऱ्यास मुंगी वर्षातून तीन वेळा आठवते. ज्येष्ठात धूळवाफेवर भात पेरले आणि दाणे नाहीसे होऊ लागले म्हणजे एकदा. मार्गशीर्ष-पौषात वालाच्या शेंड्यावर मुंगळ्यांची रांग चढताना दिसली म्हणजे दुसऱ्यांदा. आणि वैशाखात आंबा उतरवावयास गडी झाडावर चढला व अंग झाडीत खाली आला म्हणजे तिसऱ्यांदा. तिन्ही वेळी उपाय मात्र एकच योजिला जातो. दुकानातून विषारी भुकटी आणावयाची आणि मुंगी दिसेल तेथे ती धुरळावयाची. वास्तविक या तिन्ही प्रसंगीच्या मुंग्या निरनिराळ्या जातींच्या, त्यांचे खाणे निराळे आणि पिकाशी त्यांचे नातेही निराळे. पहिली चोर आहे, दुसरी दुसऱ्या चोराची पाठराखीण आहे, आणि तिसरी बहुतांशी आपलीच राखणदार आहे. राखणदार कोण व चोर कोण हे न ओळखता तिघींनाही एकाच मापाने मोजणाऱ्याचे पैसे तर जातातच. शिवाय पुढील हंगामात कीड वाढली तर ती का वाढली हेही त्यास कळत नाही.

भारतातील मुंग्यांची जी सूची २०१६ साली प्रसिद्ध झाली तीत आठशेंहून अधिक जाती व उपजाती नोंदल्या आहेत. इतक्या सर्व ओळखण्याचे शेतकऱ्यास कारण नाही. आपल्या बांधावर, माळावर आणि आमराईत नित्य भेटणाऱ्या आठ-दहा जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ झाले, आणि तेवढे काम एक भिंग व थोडा धीर असल्यास कोणासही साधण्यासारखे आहे.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. वाळवी किंवा उधई ही मुंगी नव्हे. जुन्या पुस्तकांतून तिला ‘पांढरी मुंगी’ म्हटलेले आढळते, आणि आपणही वारूळ हा शब्द दोघींच्या घरांस सरसकट लावतो. नागपंचमीस आपण पूजितो ते मातीचे उंच वारूळ बहुधा वाळवीने बांधलेले असते. परंतु कुळाने वाळवी झुरळाच्या जवळची आणि मुंगी गांधीलमाशीच्या जवळची. मुंगीची कंबर अत्यंत बारीक असते. वाळवीस कंबर म्हणून नसतेच, छाती व पोट सलग असतात. मुंगीच्या मिशा कोपरात वाकविलेल्या हातासारख्या असतात. वाळवीच्या मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जे पंखवाले किडे जमतात त्यांतही हीच निवड करता येते. चारही पंख सारख्या लांबीचे व हात लागताच गळणारे असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतील तर ती मुंगी. आंब्याच्या नव्या कलमाचे खोड मातीच्या लेपाखाली पोखरले गेले तर तो अपराध वाळवीचा असतो. त्या लेपावर मुंग्या फिरताना दिसल्या तर त्या बहुधा वाळवीच्या शिकारीस आलेल्या असतात, आणि अशा वेळी मुंग्या मारणे म्हणजे वाळवीस संरक्षण देणे होय. पावसाळ्यात लांबट काळ्या मुंग्यांची दाट पलटण जमिनीवरून घाईने जाताना पुष्कळांनी पाहिली असेल. लेप्टोजेनिस वंशातील ही जात मुख्यतः वाळवीवरच जगते. तिच्या वाटेत पाय देऊ नये, कारण तिचा दंश झोंबतो. पण तिच्या वाटेत विषही टाकू नये.

आता खऱ्या मुंग्यांकडे वळू. ओळख पटविताना सर्वांत फसवी खूण म्हणजे रंग. ‘तांबडी मुंगी’ या एका नावाखाली आपण निदान चार जाती एकत्र करतो : साखरेच्या डब्यातील राईएवढी पिवळसर मुंगी, बांधावरची दंश करणारी, बी गोळा करणारी मोठ्या डोक्याची, आणि आंब्यावरची ओंबील. या चौघींत रंगापलीकडे साम्य थोडेच. म्हणून रंग शेवटी पाहावा आणि प्रथम कंबर पाहावी. मुंगी पांढऱ्या कागदावर घेऊन तीवर स्पिरिटचा एक थेंब टाकावा व दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून छाती व पोट यांच्या मधला भाग न्याहाळावा. तेथे एक गाठ दिसेल किंवा दोन. मुंगळा, ओंबील, वाट चुकल्यासारखी सैरावैरा धावणारी लांब पायांची मुंगी, या एका गाठीच्या. यांना नांगी नसते. चावा घेऊन त्या जखमेवर आम्ल फवारतात. अग्निमुंगी, मोठडोकी, बाभळीवरची दुरंगी मुंगी, या दोन गाठींच्या, आणि यांतील कित्येक नांगी मारतात. नियमास अपवाद आहेतच. वर सांगितलेली वाळवीमार मुंगी एका गाठीची असूनही नांगी मारते, आणि माळावरील डायाकामा नावाची करड्या-काळ्या रंगाची, अंगावर बारीक रेघा असलेली मोठी मुंगीही तशीच. ही डायाकामा आपल्या बिळाच्या तोंडाशी पिसे, काटक्या व वाळकी पाने रचून ठेवते, त्यावरून ती भिंगावाचूनही ओळखता येते. ती एकटी शिकार करते आणि पिकास तिचा कसलाच उपद्रव नाही.

कंबरेइतकीच उपयोगी परीक्षा खाण्याची. पळसाच्या तीन पानांवर गुळाचा खडा, नाचणीचे चिमूटभर दाणे आणि सुकटीचा तुकडा असे निरनिराळे ठेवून ती पाने सकाळी बिळापासून हातभर अंतरावर मांडावी व घटकाभराने पाहावे. दाणे उचलून नेणारी मुंगी पेरणीच्या दिवसांत लक्ष ठेवण्याजोगी. सुकटीवर तुटून पडणारी शिकारी. आणि गुळावर गर्दी करून दाण्यांस न शिवणारी मुंगी पिकावर चढत असेल तर तेथे मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे काय ते शोधावे. मुंगळ्यासारखे काही रात्रीच अधिक फिरतात, म्हणून हीच परीक्षा एकदा कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात करावी.

आपल्या प्रांतातील मुंग्यांचा अभ्यास नवा नाही. कर्नल विल्यम सायक्स या अधिकाऱ्याने पुणे प्रांती पाहिलेल्या मुंग्यांवर १८३५ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात गवताचे बी साठविणारी एक मुंगी वर्णिलेली आहे. पावसाने कोठारातील बी भिजले म्हणजे उघडीप होताच ती ते बाहेर आणून उन्हात वाळत घालते असे त्याने स्वतः पाहिले, आणि भविष्याची तरतूद करणारी या अर्थाचे लॅटिन नाव तिला दिले. फायडोले प्रॉव्हिडेन्स हे तिचे नाव आजही चालू आहे. युरोपातील पंडित त्या काळी मुंगी धान्य साठविते ही गोष्ट जुन्या लोकांची कल्पना समजत असत. माळावर गुरे राखणाऱ्या आपल्या पोरांस ती ठाऊक होती हे निराळे सांगावयास नको. पुढे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ या अर्थाच्या शीर्षकाची लेखमाला लिहिली, आणि त्यांनी जमविलेले नमुने स्वित्झर्लंडातील ऑगुस्त फोरेल यांनी तपासून कित्येक जातींस नावे दिली. १९०३ साली बिंगहॅम यांचा भारतीय मुंग्यांवरील ग्रंथ निघाला, आणि जाती ओळखण्याच्या कोष्टकांसाठी अभ्यासक तो अद्याप उघडतात.

बी वेचणाऱ्या मुंग्या आपल्याकडे खाचरापेक्षा वरकस जमिनीत व माळावर अधिक आढळतात, आणि याचे कारण उघड आहे. आपल्या मुलखात पाऊस पुष्कळ, पण तो सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने माळ इतका कोरडा पडतो की मुंगीच्या दृष्टीने तो वाळवंटच. रखरखीत प्रदेशातील मुंगीचा जो धर्म, म्हणजे सुगीत बी साठवून उन्हाळ्यात त्यावर जगणे, तोच येथेही उपयोगी पडतो. या मुंग्यांचे बीळ ओळखावयास सोपे. तोंडाभोवती मातीच्या बारीक खड्यांचे कडे आणि त्यास लागून फोलपटांचा ढीग दिसला की आत कोठार आहे असे समजावे. मोठडोक्या मुंगीच्या, म्हणजे फायडोले वंशाच्या, रांगेत दोन प्रकारच्या कामकरी दिसतात : बहुसंख्य लहान, आणि मधूनमधून अंगाच्या मानाने प्रचंड डोके असलेल्या, ज्या कठीण दाणा फोडतात. दुसरी एक जात, कारेबारा डायव्हर्सा, हिच्यात हा भेद इतका विलक्षण की सर्वांत मोठी कामकरीण सर्वांत लहानीपेक्षा शेकडो पटींनी जड असते, आणि लहान कामकरणी तिच्या पाठीवर बसून जाताना दिसतात. हिचे रस्ते दळणवळणाने गुळगुळीत झालेले असून कोठे कोठे त्यांवर मातीचे छत घातलेले असते.

या मुंग्यांपासून भाताचे नुकसान होते ते फक्त कोरड्या पेऱ्यात. भिजलेल्या चिखलात मोड आणलेले बी टाकणारास, म्हणजे रहू करणारास, त्यांचे भय नाही. धूळवाफ करणाराने पेरणीपूर्वी आठ दिवस शेताभोवती फिरून फोलपटांचे ढीग पाहून ठेवावे, बी मातीआड नीट झाकावे, आणि जेथे बिळे जवळ असतील त्या कडेस पेरा किंचित दाट करावा. पहिला भरपूर पाऊस पडला की तक्रार आपोआप मिटते. चार दिवसांच्या चोरीसाठी सबंध शेतात विष मिसळणे हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

बांधावरील तांबडी अग्निमुंगी हिचे प्रकरण याहून अवघड आहे. सोलेनॉप्सिस जेमिनाटा हे तिचे शास्त्रीय नाव. लांबी सुमारे तीन ते सहा मिलिमीटर, कंबरेस दोन गाठी, एकाच रांगेत लहानमोठ्या सर्व मापांच्या कामकरणी, आणि मोठ्यांचे डोके मागील बाजूस मधोमध दबलेले. मोठडोकीशी तिची गल्लत होते, म्हणून भिंगातून पाठ पाहावी : मोठडोकीच्या पाठीच्या मागील टोकास सहसा दोन काटे असतात, अग्निमुंगीस ते नसतात. भिंग नसल्यास पायाने बीळ उकरावे. क्षणात शेकडो बाहेर येऊन घोट्यास आगीसारखा दंश करू लागल्या तर शंका उरत नाही. ही मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील ही मुंगी जहाजांतून जगभर पसरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असे दिसते की सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून मनिलास जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून ती प्रथम आशियात उतरली. गवताच्या बियांबरोबर ती भाताचे पेरलेले दाणेही नेते, भेंडी-वांग्याची कोवळी साल कुरतडते, आणि निंदणी करणाऱ्या बायांस नकोसे करून सोडते. असे असूनही तिला केवळ शत्रू म्हणता येत नाही. फिलिपिन्समधील भातसंशोधकांनी तिची गणना भातावरील किडींच्या शत्रूंतही केली आहे, कारण बांधावरून चुडात शिरून ती तुडतुड्यांची पिले व पतंगांची अंडी खाते. आमच्या मते खाचराच्या बांधावरील अग्निमुंगीस हात लावू नये. भाजीच्या वाफ्यालगतची मात्र हटवावी. त्यासाठी सकाळच्या गारव्यात, जेव्हा पिलावळ वरच्या थरात आणलेली असते तेव्हा, बिळात उकळते पाणी ओतावे, आणि हे दोन-तीन वेळा करावे लागेल असे धरून चालावे. राणी मेली नाही तर वसाहत पुन्हा भरते.

आता वालावरील मुंगळा. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस या नावाची ही मोठी काळी मुंगी राजस्थानच्या वाळूपासून कोकणच्या किनाऱ्यापर्यंत सर्वत्र आहे. वालाच्या किंवा चवळीच्या शेंड्यावर तिची ये-जा दिसली की ती फूल खाते असा समज होतो, तो चुकीचा आहे. शेंडा हळूच उलटून पाहिला तर तेथे काळा मावा दिसतो. मावा झाडाचा रस शोषतो व त्यातील जास्तीची साखर गोड द्रवाच्या थेंबाच्या रूपाने टाकतो. मुंगळा मिशांनी माव्यास थोपटून तो थेंब घेतो. आपण जसे दुभते जनावर राखतो तसाच हा व्यवहार आहे, आणि आपल्या दुभत्याजवळ येणाऱ्या ढालकिड्यांस मुंगळा हुसकून लावतो. माव्याचा खरा काळ ढालकिडा; मुंगळ्याने त्यास हाकलले की मावा माजतो. म्हणजे येथे मुंगळ्याचा अपराध आहे, पण तो सहकाऱ्याचा. मुंगळ्यावर भुकटी टाकून मावा तसाच ठेवला तर रस शोषणे थांबत नाही. उलट भुकटीने ढालकिडेही मरतात आणि दुखणे दुप्पट होते. म्हणून आधी मावा काढावा : प्रारंभीच मावा लागलेले शेंडे खुडून पुरावे, किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारून तो झाडावरून पाडावा. दुभते गेले की गवळी आपोआप येईनासा होतो.

येथे आणखी एक बारकावा आहे, आणि तो पुष्कळ जाणत्या माणसांच्याही नजरेतून सुटतो. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या फुलाच्या बाहेर. मावा मुळीच नसतानाही मुंग्या तेथे येतात त्या या मधासाठी, आणि येता-जाता अळ्यांची अंडी उचलून नेतात. झाड जणू पगार देऊन पहारेकरी ठेवते. तेव्हा चवळीवर मुंगी दिसल्यास पानांची उलटी बाजू व शेंडे तपासावे, आणि मावा नसल्यास तिला तिचे काम करू द्यावे.

आमराईतील ओंबील हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय, कारण तिच्याच वाट्यास सर्वांत अन्याय येतो. दक्षिण कोकणात व गोव्यात हिला हुमले म्हणतात. शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मॅराग्डिना. लांब पाय, तांबूस पिवळे अंग, एक गाठ, नांगी नाही, पण चावा कडक. हिचे घर म्हणजे जिवंत पाने शिवून केलेला गोळा. कामकरणी एकमेकींची कंबर धरून साखळी करतात व दोन पाने ओढून जवळ आणतात. मग दुसऱ्या कामकरणी तोंडात आपलीच अळी धरून तिला विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवितात, आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवण पडते. प्रौढ मुंगीस रेशीम काढता येत नाही, म्हणून हे काम लेकरांकडून करून घ्यावे लागते.

या मुंगीस बागेत मुद्दाम पाळण्याची रीत फार प्राचीन आहे. इ. स. ३०४ च्या सुमाराचा मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात दक्षिण चीनमधील बाजारात हिची घरटी विकत मिळतात, आणि संत्र्या-मोसंब्याच्या जातीच्या झाडांवर ती बांधली नाहीत तर फळे किडतात, असे सांगितले आहे. आपल्या काळात उत्तर ऑस्ट्रेलियात आंबा व काजूच्या बागांत रेन्कांग पेंग व कीथ ख्रिश्चन यांनी हिच्यावर अनेक वर्षे प्रयोग केले. जेथे ओंबिलीची वसाहत नांदती होती तेथे तुडतुडे, फुलकिडे व फळांवर डाग पाडणारे ढेकूण यांचा उपद्रव कमी राहिला. ओडिशातील सिमिलिपाल भागात हिची चटणी करून खातात व तीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; बस्तरातही ती बाजारात विकली जाते. आपल्याकडे त्या दिशेने कोणी जावे असा आमचा आग्रह नाही.

दोष सांगितल्यावाचून पारख पुरी होत नाही. ओंबीलही गोडाची भुकेली आहे, आणि खवले किडे व पिठ्या ढेकूण राखते. नव्या पालवीवर चिकटा व काळी बुरशी दिसू लागली तर तेवढ्या फांद्या छाटाव्या. तोडणीच्या वेळी तिच्या चाव्याने गडी काम टाकतात ही अडचणही खरी आहे. त्यास उपाय असा की तोडणी घरट्यापासून दूरच्या फांद्यांवर आरंभावी, हातपायांस व शिडीच्या पायांस राख चोळावी, आणि जी घरटी अगदीच आड येतात तेवढीच फांदीसह कापून शेजारच्या झाडावर टांगावी. मात्र ते झाड त्याच वसाहतीचे असले पाहिजे. परक्या वसाहतीच्या झाडावर टांगल्यास दोन्हीकडील मुंग्या एकमेकींस मारून टाकतात. एका झाडावरील चार-दोन मुंग्या दुसऱ्यावर सोडून पाहाव्या. भांडण झाले नाही तर ती एकच वसाहत.

आंब्या-फणसावरच पोट डोक्यावर उचलून धावणारी लहान काळी-तपकिरी मुंगी भेटते. हिचे पोट वरून पाहिल्यास बदामाच्या आकाराचे, मागे टोकदार, आणि कंबरेस दोन गाठी. ही क्रेमॅटोगॅस्टर. हिच्या एका जातीने सह्याद्रीतील झाडांवर शेणाचे पातळ पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचून घर केलेले सायक्सने वर्णिले आहे. खवले किडे राखण्यात हिचा हात ओंबिलीपेक्षा वरचढ, शिकारीत मात्र कमी. तेव्हा ही वाढली तर खोडाभोवती कागद गुंडाळून त्यावर चिकट वंगणाचा पट्टा द्यावा आणि जमिनीस वा शेजारच्या झाडास टेकणाऱ्या फांद्या तोडाव्या. वंगण सालीस लावू नये, साल जळते. बाभळीच्या व वाळक्या लाकडात राहणारी काळ्या डोक्याची, तांबड्या छातीची व काळ्या पोटाची सडपातळ मुंगी, टेट्रापोनेरा, हिला फक्त दुरून पाहावे. ती पिकाचे काही घेत नाही, परंतु तिच्या नांगीने काही माणसांस अंगावर गांधी उठून श्वास कोंडल्याची उदाहरणे आहेत. तसे झाल्यास रोग्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

घरातील व कोठारातील बारीक मुंग्यांसाठी शेतातील औषध आणू नये. साखरेच्या पाण्यात शेकडा एक या प्रमाणात बोरिक पावडर विरघळवून कापसाचा बोळा भिजवावा आणि तो भोके पाडलेल्या डबीत, मुले व जनावरे यांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. मुंग्या ते वसाहतीत नेऊन राणीस व पिल्लांस भरवितात. म्हणून पहिले दोन दिवस गर्दी वाढलेली दिसते, तेव्हा घाबरून दुसरे विष मारू नये. बी. एच. सी. ची पांढरी भुकटी एके काळी प्रत्येक घरी असे. सरकारने १९९७ साली तिच्यावर बंदी घातली आहे, डी. डी. टी. चा शेतीतील वापर त्याआधी १९८९ साली बंद झाला. जुन्या कोठारात अशी पुडी राहिली असल्यास ती वापरू नये, विहिरीजवळ पुरूही नये, आणि कृषी अधिकाऱ्यास कळवावे.

वरील खुणांनी जी मुंगी ओळखता येणार नाही तिचे पाच-सहा नमुने, त्यांत लहानमोठे दोन्ही घेऊन, लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवावे. बाटलीत शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तारीख, कोणत्या पिकावर सापडली, बीळ कसे होते आणि तीन पानांपैकी कोणत्यावर ती आली, एवढे लिहावे. अशी बाटली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाकडे किंवा कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे न्यावी. चिठ्ठीवाचून नुसती मुंगी नेल्यास तपासणारास फार तर तिचे नाव सांगता येते. ती तुमच्या शेतात काय करीत होती ते चिठ्ठीच सांगू शकते.